टाचणी लावलेली चिठ्ठी

नगरच्या एसटी स्टँडवर अप्पांनी शर्टाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट पुडी काढली आणि माझ्या हातातल्या पिशवीत खुपसली. मी उघडून बघितली. आत त्यांची लाकडी पट्टी होती, एका टोकाला दाताने चावल्यासारखी झालेली आणि मधोमध लाल पेन्सिलीचे डाग पडलेली. आई वैतागलीच. "तिकडे पट्ट्या मिळत नाहीत का हो? पोरीला लोणच्याची बरणी द्यायची तर म्हणे वजन होतं." तीन वर्षांची जुई माझ्या खांद्यावर झोपली होती, ड्रायव्हरने हॉर्न दिला होता आणि मला रडू आवरत नव्हतं. खिडकीशी येऊन अप्पा एवढंच म्हणाले, "पोचलीस की कळव."

ही दोन हजार दहाच्या जानेवारीतली गोष्ट. नवरा, मिलिंद, सहा महिने आधी डच मुलखात, हूफडॉर्पला कंपनीच्या कामावर गेला होता. मी त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून निघाले होते. व्हिसावर तसं स्पष्ट छापलेलंच होतं. स्किपोल विमानतळावर उतरल्यावर मी पहिला फोन नगरला केला आणि म्हटलं, "पोचले." ते खरं नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना आमचं इथलं आयुष्य एकतर फार सुखाचं वाटतं नाहीतर फार एकटं. माझ्या बाबतीत ते बहुतेक कागदांचं होतं. खमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन नाव नोंदवा, मग नंबर मिळेल, मग बँक, मग हाउसआर्ट्स. हा इथला फॅमिली डॉक्टर. अंगात ताप असो नाहीतर मन थाऱ्यावर नसो, तो पॅरासिटामॉल घ्या आणि आठवडाभर वाट बघा असं सांगतो. पस्तिसाव्या वर्षी मी सायकल शिकले आणि दोनदा कालव्याच्या कठड्याला धडकले. दोन वर्षांनी विमानतळाजवळच्या एका कार्गो ऑफिसात कामाला लागले. एक कागद डावीकडे, एक उजवीकडे, दोन्हींवरचा मजकूर जुळतो का बघायचं. बरोबरची डच बाई म्हणायची, तुझी नजर फार पक्की आहे, कुठे शिकलीस? मी हसून वेळ मारून नेत असे. जुई तोवर शाळेत जायला लागली होती. मी मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि दर रविवारी दुपारी नगरला फोन लागला की "आजोबा, मी छान आहे" या चार शब्दांवर तिचं मराठी संपायचं.

दोन हजार चौदा साली हूफडॉर्पच्या वाचनालयात एक पत्रक दिसलं. सर्जनशील लेखनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, इंग्रजीतून. वर्षातून दोनदा दहा दिवस जंगलाजवळच्या एका घरात सगळ्यांनी एकत्र राहायचं, बाकीचे महिने आपापल्या घरी, आपापली नोकरी सांभाळून लिहायचं. दर चार आठवड्यांनी पंचवीस पानं आणि एक पत्र आपल्या मार्गदर्शकाला पाठवायचं. मिलिंदने पत्रक वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे आपलं मुक्त विद्यापीठच की! फक्त जंगलात." मग जरा थांबून म्हणाला, "भर फॉर्म. दहा दिवस मी आणि जुई काय उपाशी मरत नाही." आई फोनवर म्हणाली, "चाळिशी आली, आता शिकून काय दिवे लावणार?" अप्पांनी फक्त विचारलं, "काय लिहिणार?"

"काहीबाही," मी म्हटलं.

मला लेखिका व्हायचं होतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. मला एक गोष्ट सांगायची होती, ती ज्यांना सांगायची त्यांना सांगता येत नव्हती, म्हणून मी परक्या भाषेत परक्या लोकांना सांगायला निघाले होते. बाहेर पडलेल्या माणसांना ही सोय असते. तुमच्यापैकीही काही जणांनी ती वापरली असेल.

पहिल्या मुक्कामाला जानेवारीत गेले. हूफडॉर्पहून गाडी, उट्रेख्तला बदल, आर्नहेमला उतरायचं आणि तिथून बसने जंगलाच्या कडेला. ते पूर्वी जोगिणींचं, म्हणजे ख्रिस्ती नन्सचं घर होतं, आता पाहुण्यांना भाड्याने देत. माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक बेसिन. पलंगाच्या वर भिंतीवर क्रूस काढल्याची फिकट खूण राहिली होती. आम्ही बाराजण होतो, सात-आठ देशांतले. कुणी निवृत्त नर्स, कुणी ग्रोनिंगनला शिकवणारा. सकाळी गोल बसायचं, एकाच्या लिखाणावर बाकीच्यांनी बोलायचं, आणि ज्याचं लिखाण आहे त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हा तिथला नियम. इतरांना तो फार जड जायचा. मला गप्प बसायची सवय होती.

फक्त सुरुवातीला आपलं पहिलं पान स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचं असे. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि वाचायला लागले. अर्धं पान झाल्यावर लक्षात आलं की खोलीत विचित्र शांतता आहे. मार्गदर्शक हेलेन चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. मी प्रत्येक स्वल्पविराम, प्रत्येक पूर्णविराम मोठ्याने उच्चारत होते. कॉमा, फुलस्टॉप, न्यू पॅराग्राफ. वर्गाला वाटलं हा काहीतरी नवीन प्रयोग आहे. एकाने तर वहीत टिपूनही घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांना सांगायला मला इतकंच जमलं, की मी लहानपणी अशीच वाचायला शिकले.

अप्पा नगरच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आमच्या वस्तीतले काहीजण छापखान्यांत अक्षरांचे खिळे जुळवायला जात, पण टेबलाशी बसून हातात लाल पेन्सिल धरणारे अप्पा एकटेच. वस्तीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. काम जास्त झालं की ते प्रुफं घरी आणत. प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकाने लेखकाची हस्तलिखित प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने समोरच्या छापलेल्या कागदावर ते जुळतं का बघायचं. छापखान्यात वाचायला माणूस असे. घरी ते काम माझ्याकडे. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी वाचायचे, अप्पा ओळीखाली पट्टी धरून ऐकायचे. काही सुटलेलं असेल तर त्या जागी ते हंसपद काढायचे, ओळीच्या खाली टोपीसारखी खूण, म्हणजे इथे काही राहिलंय. मग समासात सुटलेला मजकूर लिहायचे. मी घाईत वाचायला लागले की पट्टी टेबलावर हलकेच आपटून म्हणायचे, "सावकाश. ओळ सोडू नकोस."

वर्गाला हे फार आवडलं. मी त्यावरच लिहायला लागले. घरी आले की जुईला शाळेत सोडून, कामावर जाण्याआधीचा दीड तास मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत असे. फोडणीचा वास असलेली पानं होती ती. दर चार आठवड्यांनी मी पुडकं टपालाने पाठवत असे, कारण हेलेनला कागदावर पेन्सिलीनेच वाचायला आवडायचं. ती साठीची आयरिश बाई होती, आवाजाने खरखरीत, कौतुकाला कंजूष. पहिल्या पुडक्याच्या उत्तरात तिने लिहिलं होतं, "चूक शोधून सापडत नाही. याचीच मला काळजी वाटते."

तिसऱ्या पुडक्यात मी अप्पांनी घरी तपासलेल्या गुरुजींच्या पुस्तकाची गोष्ट लिहून पाठवली. ती परत आली तेव्हा सहाव्या पानावर, दोन वाक्यांच्या मध्ये, तिने पेन्सिलीने ओळीखाली एक टोपी काढली होती. तीच खूण. समासात फक्त लिहिलं होतं, "इथे काय होतं?" त्या दिवशी कामावर गेले नाही. कळवलं की ताप आहे.

आता जे मी त्या पुडक्यात लिहिलं नव्हतं ते लिहिते.

गुरुजी म्हणजे एका जुन्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक स्वतःच छापायला दिलं होतं. अक्षर मोत्यासारखं. शेवटची प्रुफं अप्पांनी घरी आणली, तो रविवार होता. मी अकरा वर्षांची होते आणि पलीकडच्या वकिलांकडे टीव्हीवर संध्याकाळचा सिनेमा लागणार होता. दाराशी माझ्या मैत्रिणी येऊन दोनदा हाका मारून गेल्या होत्या. शेवटची पाच-सहा पानं राहिली असताना एका पानाला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी आली. गुरुजींनी मजकूर मागाहून वाढवला होता, बारीक अक्षरात, सात-आठ ओळी. अप्पा पेन्सिलीला टोक करत होते. तेवढ्यात मी ती मनात वाचली.

त्यात लिहिलं होतं: "आमची थोरली इंदू. चौथे वर्ष लागले आणि तापाने गेली. मी शाळेतून आलो की माझ्या वहाणा उचलून भिंतीशी लावण्याचे काम तिने आपणहून घेतले होते. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. जन्मभर पोरांच्या चुका सुधारल्या, पण ही मी कधी सुधारली नाही. ती गेल्यापासून मी वहाणा तशाच ठेवतो. घरात कोणी विचारीत नाही."

ही चिठ्ठी खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने जुळवलीच नव्हती. ते मला कळलं, कारण अप्पांच्या प्रुफाचं पान मला उलटं दिसत होतं आणि त्यात ती कुठेच नव्हती. वाचली असती तर अप्पांनी तो सगळा मजकूर समासात लिहायला घेतला असता, सुवाच्य, सावकाश, आणि माझा सिनेमा गेला असता. मी चिठ्ठी पानाच्या पाठीमागे दुमडली आणि म्हटलं, "नवा परिच्छेद." अप्पांनी मान हलवली. पट्टी पुढे सरकली.

सिनेमा कोणता होता ते मला आज आठवत नाही.

पुस्तक छापून झालं. चार दिवसांनी छापखान्याचे मालक आणि गुरुजी आमच्या घरी आले. मालकांनी हस्तलिखिताचा गठ्ठा अप्पांसमोर टाकला आणि आवाज चढवला. गुरुजींनी दाराशी वहाणा काढल्या, वाकून उचलल्या, आणि आमच्या भिंतीशी लावून ठेवल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. ते असं का, हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. मी मोरीच्या दाराशी उभी होते आणि त्या वहाणांवरून मला नजर काढता येईना.

गुरुजींनी पुस्तक उघडलं, दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि अप्पांना विचारलं, "इथे माझी मुलगी होती. कुठे गेली?"

अप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, "माझ्या नजरेतून सुटलं. चूक माझी आहे." मालक म्हणाले शुद्धिपत्र छापून आत चिकटवू. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. "माझ्या मुलीला शुद्धिपत्रात घालू नका," म्हणाले आणि गठ्ठा काखेत घेऊन निघून गेले. मागे राहिलेले मालक मग जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "शुद्धलेखन तुमच्या लोकांच्या हाती देऊ नका म्हणून कितीजणांनी सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही." अप्पांनी ते उभ्याने ऐकून घेतलं.

त्यानंतर अप्पांनी लाल पेन्सिल हातात धरली नाही. औषधांच्या एका घाऊक दुकानात ते कारकून झाले आणि बावीस वर्षं तिथेच राहिले. वस्तीत त्यांना हळूहळू मास्तर म्हणणं बंद झालं, कुणी मुद्दाम केलं असं नाही. नव्या मुलांना माहीतच नव्हतं. घरात या विषयावर कुणी बोललं नाही. मी शाळेत पहिली येत राहिले. मला जे जे मिळालं, शिक्षण, नोकरी, हे विमानाचं तिकीट, त्या सगळ्याच्या तळाशी ती दुमडलेली चिठ्ठी होती. आणि मी इतकी लांब राहायला आले त्याला मिलिंदची नोकरी जितकी कारण होती तितकीच तीही होती, हे मला त्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. अप्पांच्या समोरासमोर बसायचं नव्हतं मला.

हेलेनला मी सगळं लिहून पाठवलं. चिठ्ठीसकट. पुढच्या मुक्कामात तिने मला जंगलातल्या वाटेवर फिरायला नेलं. पानं गळून वाटेवर थर झाला होता. ती म्हणाली, शेवटच्या मुक्कामात प्रत्येकाला वीस मिनिटं सगळ्यांसमोर वाचायचं असतं, तू हेच वाचणार. मी म्हटलं हो. तिने विचारलं, "वडील जिवंत आहेत?" मी म्हटलं हो. "त्यांना माहीत आहे?" मी वाटेवरची पानं पायाने बाजूला सारत राहिले. ती थांबली, बुटाला चिकटलेला चिखल काठीने काढत राहिली, आणि म्हणाली, "मग त्यांच्याआधी आम्ही ऐकणं बरं नव्हे." तिने मला कुठलीही धमकी दिली नाही. पण आईने कान धरावा तसं वाटलं.

अप्पांना तोवर काचबिंदूने बरंच कमी दिसायला लागलं होतं. वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा आई वाचून दाखवायची. माझं लिखाण इंग्रजीत, त्यामुळे तसंही ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं. मनात आलं असतं तर मी जन्मभर सांगितलं नसतं आणि पदवीही घेतली असती. हे मी लपवत नाही, हा विचार मी बरेच आठवडे केला.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी मी फोन लावला आणि म्हटलं, "अप्पा, मी लिहिलंय ते वाचून दाखवू का? मराठीत सांगते." ते म्हणाले, "थांब, खुर्ची घेतो." मी इंग्रजी पानं पुढ्यात घेतली, ओळीखाली त्यांचीच पट्टी धरली आणि मनातल्या मनात मराठी करत वाचायला लागले. स्वल्पविराम. पूर्णविराम. अवतरणचिन्ह सुरू. दोन वाक्यांनंतर फोनमधून त्यांचा श्वास संथ झालेला ऐकू आला. जुई जिन्यात बसून ऐकत होती, तिला वाटलं आजोबा आणि आई काहीतरी खेळ खेळताहेत.

असे चार रविवार गेले. छापखाना, वस्ती, खिळ्यांचा वास, गुरुजींचं अक्षर. अप्पा मधेच दुरुस्ती सांगायचे. "कंपोझिटर डावखुरा नव्हता. तो त्याचा भाऊ." चौथ्या रविवारी मी त्या जागेपाशी आले. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नवा परिच्छेद." एकतीस वर्षांनी तेच शब्द, तशाच आवाजात. मी थांबले.

मग मी म्हटलं, "अप्पा, त्या पानाला चिठ्ठी होती. मी पाहिली होती. मला सिनेमाला जायचं होतं. मी ती मागे दुमडली." मिलिंदने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच उभा राहिला.

अप्पा म्हणाले, "मला माहीत होतं."

मी विचारलं कसं. ते म्हणाले, "मालकांनी गठ्ठा टाकला तेव्हा ती चिठ्ठी दिसली मला. पाठीमागे दुमडलेली. घडी आपोआप पडत नाही, बाळा. तिला हात लागतो."

"मग तेव्हा का नाही बोललात? मला मारायचं होतंत."

"प्रुफावर सही माझी होती," अप्पा म्हणाले. जसं काही मी व्यवहारातली अगदी साधी गोष्ट विचारली होती. मग म्हणाले, "आणि तू अकरा वर्षांची होतीस. त्या माणसासमोर तुझं नाव घेतलं असतं तर त्याने तुलाही 'तुमच्या लोकांत' धरलं असतं. तेवढं मला नको होतं."

मी रडत होते. मला वाटलं झालं, संपलं. पण अप्पा खाकरले आणि त्यांनी विचारलं, "त्यात काय होतं?"

मला आधी कळेनाच. ते म्हणाले, "चिठ्ठीत. गुरुजींनी गठ्ठा लगेच उचलला, मला वाचायला मिळालीच नाही. मागून विचारायला जायचं धाडस झालं नाही. मग ते गेले. एवढी वर्षं मला तेवढंच खटकतंय. त्या दिवशी त्यांनी वहाणा उलट्या ठेवल्या होत्या, तुला आठवतं? मी म्हटलं, रागात असतील. पण रागातला माणूस वाकून वहाणा लावत नाही."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं दोन टोकांना बसलो होतो. मला चिठ्ठी माहीत होती आणि वाटत होतं त्यांना चूक माहीत नाही. त्यांना चूक माहीत होती आणि चिठ्ठी माहीत नव्हती. गुरुजी गेलेले, त्यांच्या घरच्यांनी तो गठ्ठा कधीचा रद्दीत घातलेला. त्या इंदूबद्दल लिहिलेलं आता फक्त माझ्याकडे होतं, हूफडॉर्पमधल्या एका स्वयंपाकघरात.

"सांगते," मी म्हटलं.

"थांब, पेन्सिल घेतो." आईला हाक मारल्याचं, खण उघडल्याचं, काही शोधल्याचं ऐकू आलं. गुरुजींचं पुस्तक त्यांनी ठेवलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आई मागून म्हणत होती, मी लिहिते ना, तुम्हाला कुठे दिसतंय. अप्पा म्हणाले, "नको. हे मीच लिहायचं." मग मला म्हणाले, "पट्टी नाही, ओळी वाकड्या जातील. सावकाश सांग. ओळ सोडू नकोस."

मी सांगितलं. आमची थोरली इंदू, पूर्णविराम. इंग्रजीत लिहिताना या सात-आठ ओळींसाठी मी आठवडे घालवले होते. मराठीत त्या जशाच्या तशा आल्या, मला काही करावं लागलं नाही. "डावी उजवीकडे" ला ते थांबले. पेन्सिल थांबल्याचं मला कळलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुढे." शेवटी मी म्हटलं, "घरात कोणी विचारीत नाही, पूर्णविराम." अप्पा म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, झालं. त्यांनी फोन आईकडे दिला आणि आईने विचारलं जुईचा खोकला कसा आहे.

जुलैत शेवटच्या मुक्कामात जोगिणींच्या प्रार्थनेच्या जुन्या खोलीत मी वीस मिनिटं वाचलं. मिलिंद आणि जुई ऐकायला आले होते. चिठ्ठी मी आधी मराठीत वाचली, मग इंग्रजीत. मिलिंद सोडला तर मोठ्यांपैकी कुणाला मराठी कळत नव्हतं. जुईला कळत होतं, आणि ती पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. मुलं कळत असूनही दुसऱ्या भाषेत उत्तर देतात याचं मला नेहमी वाईट वाटायचं. तिथून येताना गाडीत तिने मला डचमध्ये विचारलं, इंदूचा आवाज कसा होता असं तुला वाटतं? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मला वाटतं ती फार बोलत असेल. मग मला तिच्या डचबद्दल फारसं वाईट वाटलं नाही.

पदवीचा कागद टपालाने आला. त्या शिक्षणाने मला काय दिलं असं इथले लोक विचारतात. पुस्तक झालं का, विचारतात. नाही झालं. कार्गोच्या ऑफिसात मी अजून डावा कागद उजव्याशी जुळवते. एवढं मात्र झालं, की जे मी घरापासून लांब जाऊन लपवलं होतं ते लांबूनच घरी परत देता आलं. जे निघून आले त्यांना मी इतकंच सांगीन, की अंतर आपल्याला वाचवत नाही. आणि जे तिकडे राहिले त्यांना, की आम्ही फोनवर नुसतं "छान आहे" म्हणतो तेव्हा जरा थांबा, पुढे विचारा.

त्या डिसेंबरात मी नगरला गेले. एकटीच, पर्समध्ये पट्टी घेऊन. रिक्षातून उतरले तेव्हा दुपार होती, दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर भिंतीशी अप्पांच्या चपला होत्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. आधी वाटलं, बिचाऱ्यांना दिसत नाही म्हणून. मग शेजारी आईच्या चपला पाहिल्या. त्याही तशाच होत्या.

मी बॅग खाली ठेवली. वाकून बूट काढले आणि त्यांच्या ओळीत लावले, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पोचलीस का?" अप्पांनी विचारलं.

"पोचले," मी म्हटलं.